पाल : घरची आणि परकी
— द्वितीय वर्ष कला, भूगोल

मनात संशय आला की आपण ‘शंकेची पाल चुकचुकली’ असे म्हणतो. कोणी बोलत असताना भिंतीवरून पालीचा आवाज आला, तर म्हातारी माणसे ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत बोटाने जमीन वाजवतात. पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, याची फळे त्यात दिलेली असतात. दक्षिणेत कांचीपुरम येथील वरदराज पेरुमाळच्या मंदिरात तर सोन्याची पाल आहे. तिला स्पर्श केला की पाल पडल्याचा दोष जातो, अशी श्रद्धा आहे. भाषेत, पंचांगात आणि मंदिरातसुद्धा जिला जागा मिळाली, त्या पालीकडे आपण अभ्यासाच्या दृष्टीने मात्र क्वचितच पाहतो. दिसली की झाडू हाती घ्यावयाचा, एवढाच बहुतेकांचा तिच्याशी संबंध.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पालीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण कोणता जीव पृथ्वीवर कोठे आढळतो, तेथेच का आढळतो आणि तेथे तो कसा पोहोचला, हा भूगोलाचाच प्रश्न होय. या विषयाला जीवभूगोल म्हणतात. वर्गात हा भाग शिकत असताना ‘माणसाने पसरविलेले प्राणी’ या यादीत उंदीर, मांजर यांच्या शेजारी घरातील पालीचे नाव आले. जी पाल आपल्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती परदेशात ‘परकी जात’ म्हणून ओळखली जाते, हे मला नवीन होते. आमच्या भूगोलाच्या बाईंनी या विषयावरील काही इंग्रजी निबंध मला मिळवून दिले. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. तेव्हा इंग्रजीत मदत करणारे घरी कोणी नव्हते. शब्दकोश शेजारी ठेवून ते निबंध वाचले आणि त्यातून जे समजले, ते येथे मांडीत आहे.

पालीचा परिचय

पाल हा शब्द संस्कृतातील ‘पल्ली’वरून आला. संस्कृतात तिला ‘गृहगोधिका’ असेही सुंदर नाव आहे. गोधा म्हणजे घोरपड. तेव्हा गृहगोधिका म्हणजे घरात राहणारी छोटी घोरपड. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनीही तिला घरावरूनच ओळखले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मलाय भाषेत तिला ‘चिचाक’ म्हणतात. हे नाव तिच्या आवाजावरून पडलेले उघडच दिसते. आपण ‘चुकचुक’ ऐकतो, मलायातील लोक ‘चिचाक’ ऐकतात. पाल मात्र तीच.

भारतातील घरांत आढळणाऱ्या बहुतेक पाली ‘हेमिडॅक्टिलस’ या प्रजातीतील आहेत. हे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘अर्धबोटी’ असा होतो. या प्रजातीत अनेक जाती आहेत. उत्तर व मध्य भारतातील घरांत, तसेच मुंबईतही, पिवळसर पोटाची मोठी पाल असते. अंगावर गडद ठिपके असलेल्या पाली पूर्वी एकाच जातीच्या समजल्या जात. त्या अनेक जातींच्या आहेत, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. कोकणात आणि दक्षिणेत घरात आढळणारी फिकट करड्या रंगाची, चुकचुक करणारी पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. हिचे शास्त्रीय वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आणि आग्नेय आशिया हा तिचा मूळ प्रदेश होय. प्रस्तुत लेख मुख्यतः हिच्याविषयी आहे. तिला मी सोयीसाठी ‘घरपाल’ म्हणेन.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. पाल विषारी नसते. जगातील कोणत्याही जातीच्या पालीला विषाचे दात अथवा विषग्रंथी नाहीत. पाल पडलेले अन्न खाऊ नये हे खरे; पण त्याचे कारण तिच्या अंगावरील व विष्ठेतील जंतू हे आहे, विष हे नव्हे.

पालीच्या पावलांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुढील सर्व हकिगत त्या पावलांवर उभी आहे. पाल काचेवर, भिंतीवर आणि छतालाही उलटी चिकटून चालते. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म केस असतात. टोके नावाच्या मोठ्या आशियाई पालीच्या एका पावलावर असे सुमारे ५ लाख केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे फुटलेले असतात. या फाट्यांचे रेणू आणि भिंतीचे रेणू अगदी जवळ आले की त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. डिंक नाही, हवा शोषणे नाही, नखांची पकड नाही. केवळ रेणूंच्या आकर्षणाने पाल चिकटते, हे केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. मात्र या युक्तीला एक अट आहे. पृष्ठभाग घट्ट पाहिजे. भुसभुशीत, झडणाऱ्या जागी पावलाला चिकटण्यासारखे काही उरत नाही. ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

प्रवास कसा घडला

पालीला पंख नाहीत आणि समुद्र पोहून जाण्याची शक्तीही नाही. तरीही घरपाल आज प्रशांत महासागरातील बेटांवर, ऑस्ट्रेलियात, हिंदी महासागरातील बेटांवर आणि अमेरिका खंडातही स्थायिक झालेली आहे. हे कसे घडले? उत्तर सोपे आहे : आपण नेले म्हणून. कोणी तिला मुद्दाम पिंजऱ्यात घालून नेले नाही. लाकडाच्या ओंडक्यांत, नारळाच्या ढिगात, खोक्यांच्या फटीत, गोदामातील मालाच्या आड बसून ती जहाजावर चढली आणि दुसऱ्या बंदरात उतरली. आज पेट्यांची जागा लोखंडी कंटेनरांनी घेतली आहे, इतकाच फरक.

या प्रवासास तिचे शरीरही अनुकूल आहे. घरपालीची मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. ही अंडी सापाच्या अंड्यांसारखी मऊ नसून कठीण कवचाची असतात. त्यामुळे ती लवकर सुकत नाहीत आणि कोरड्या फटीत दीर्घकाळ टिकतात. शिवाय मादीला नराचे वीर्य आपल्या शरीरात अनेक महिने साठवून ठेवता येते. म्हणजे नर नसलेल्या बंदरात एकटी मादी उतरली, तरी तिचा वंश तेथे सुरू होऊ शकतो. अन्नाची आवड-निवड नाही. डास, पतंग, मुंग्या, झुरळाची पिले, कोळी, जे मिळेल ते तिला चालते.

या मार्गाने गेलेली ती एकटीच नव्हे. भूमध्य समुद्राकाठची एक पाल अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लॉरिडातील की वेस्ट या बंदरी १९१० च्या सुमारास दिसून आली आणि तेथून मेक्सिकोच्या आखाताकाठच्या राज्यांत पसरली. पुढे फ्लॉरिडात आफ्रिकेकडील पाल आली आणि अनेक ठिकाणी तिने या भूमध्य पालीचीच जागा घेतली. म्हणजे एका पाहुणीने दुसऱ्या पाहुणीला उठविले! ऑस्ट्रेलियात आपली घरपाल १९६० नंतरच्या दशकात डार्विन बंदरात आणि १९८० नंतरच्या दशकात ब्रिस्बेनमध्ये स्थिरावली. तेथील लोक तिला ‘आशियाई घरपाल’ म्हणतात. आपल्या घरातील प्राण्याला दुसऱ्या देशात असे खंडाचे नाव लागलेले पाहून गंमत वाटते. पण या प्रवासाची दुसरीही बाजू आहे.

हवाई बेटांची हकिगत

प्रशांत महासागराच्या मध्यभागी हवाई बेटे आहेत. ही बेटे ज्वालामुखीतून वर आली आणि कोणत्याही खंडापासून फार दूर राहिली. त्यामुळे जमिनीवर राहणारा एकही सरपटणारा प्राणी तेथे मूळचा नाही. तेथे पाली पोहोचल्या त्या माणसांबरोबर. प्राचीन काळी पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून या बेटांवर गेले, तेव्हा त्यांच्या सामानातून काही छोट्या पालीही गेल्या, असे मानले जाते. त्यांपैकी एकीचे शास्त्रीय नाव लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस. लुगुब्रिस म्हणजे शोकाकुल. इंग्रजीतही तिला याच अर्थाचे नाव आहे. हिला आपण ‘शोकपाल’ म्हणू.

शोकपाल हा निसर्गातील एक चमत्कारच आहे. या जातीत जवळजवळ सर्व माद्याच असतात. नराशिवाय मादी अंडी घालते आणि त्यातून तिच्यासारख्याच माद्या जन्मतात. एकच पाल होडीत असली तरी एक बेट वसवू शकेल, अशी ही व्यवस्था. त्या बळावर ती प्रशांत महासागरातील कितीतरी बेटांवर पोहोचली आणि शतकानुशतके माणसांच्या झोपड्यांत सुखाने राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रशांत महासागरात जहाजांची आणि विमानांची ये-जा अतोनात वाढली आणि त्याच काळात घरपाल हवाईमध्ये आली. ती शोकपालीपेक्षा आकाराने मोठी आणि स्वभावाने आक्रमक. थोड्याच दशकांत शहरांतील दिव्यांखालच्या भिंतींवर घरपालीच दिसू लागल्या आणि तेथून शोकपाल कमी होत गेली.

असे का व्हावे? मोठीने लहानीला मारले, इतके साधे हे उत्तर आहे काय? केनेथ पेट्रेन आणि टेड केस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेतला. त्यांनी आणि डग्लस बोल्जर यांनी १९९३ साली आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९९६ आणि १९९८ साली पेट्रेन व केस यांचे आणखी दोन निबंध आले. त्यांच्या प्रयोगाची जागा मोठी विलक्षण होती. विमाने ठेवण्याच्या जुन्या हँगरांत त्यांनी पालींसाठी बंदिस्त जागा केल्या, दिवे लावले आणि दोन्ही जाती कधी वेगळ्या, कधी एकत्र ठेवून निरीक्षण केले.

त्यांना आढळले ते असे. दिव्याभोवती किडे गोळा होतात. घरपाल चपळ असल्यामुळे ते किडे झपाट्याने टिपते. इतके की शोकपालीच्या वाट्याला पुरेसे उरत नाहीत. शिवाय मोठी पाल जवळ असली की शोकपाल स्वतःच दूर सरकते. पोट न भरल्यामुळे तिची अंगकाठी खालावते आणि अंडीही कमी होतात. प्रत्यक्ष मारामारी क्वचितच. पण दिव्याखालची जागा गेली की वंश गेला.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांनी सपाट भिंतींवर पत्र्याचे आडोसे बसविले. भिंत सलग न राहता तिच्यात कप्पे झाले. एवढ्याने चित्र पालटले. घरपालीला आता सरळ धावत येऊन सारे किडे टिपता येईनात. शोकपालीला आडोशाला राहून आपला वाटा मिळू लागला आणि स्पर्धेची धार कमी झाली. पाली त्याच, किडे तेच; बदलली ती केवळ भिंत.

घराने घेतलेली बाजू

या प्रयोगावरून माझ्या मते एक मोठे सत्य हाती लागते. आपण म्हणतो, परकी पाल बलवान होती म्हणून जिंकली. पण तिचे बळ सर्व ठिकाणी सारखे नाही. गुळगुळीत सलग भिंत आणि तिच्यावर रात्रभर जळणारा दिवा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती अजिंक्य होते. आणि या दोन्ही गोष्टी निसर्गातल्या नव्हेत, त्या आपल्या आहेत. जिथे दिवा नाही आणि भिंत नाही, अशा झाडाझुडपांत शोकपाल आजही तग धरून आहे. म्हणजे या लढाईत घर तटस्थ नव्हते. घराने एका पालीची बाजू घेतली.

याची थोडीशी खूण आपल्याला आपल्याच पडवीत पाहता येते. संध्याकाळी ट्यूब लावली की अर्ध्या तासात भिंतीवर पाली जमतात. नीट पाहिले तर त्यांच्या जागा ठरलेल्या दिसतात. सर्वांत मोठी पाल ट्यूबच्या अगदी जवळ असते. लहान पाली कडेला, तुळईच्या सावलीत थांबतात. एखादी लहान पुढे आली की मोठी शेपूट हलवते, चुकचुकते आणि तिला पिटाळून लावते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंखाचे किडे निघतात त्या रात्री मात्र कोणी कोणाला हाकलीत नाही, कारण सर्वांना पुरून उरेल इतके असते. भांडण पालींच्या स्वभावात कमी आणि उजेडाच्या वाटणीत अधिक आहे, हे या निरीक्षणावरून सहज पटते.

मॉरिशस : आपल्या माणसांचे बेट

हवाईमध्ये दोघीही बाहेरच्याच होत्या. पण जेथे मूळच्या पाली होत्या, तेथे काय झाले? याचे उदाहरण मॉरिशसमध्ये मिळते आणि या बेटाशी आपला, मराठी माणसांचा, जुना संबंध आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज ३६ भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. त्यानंतर लक्षावधी भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी तेथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांपैकी बरेच कोकणातले. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते. मजूर जेथे उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मॉरिशस म्हटले की सर्वांना डोडो पक्षी आठवतो. पण तेथे डोडोप्रमाणेच जगात इतरत्र कोठेही नसलेल्या छोट्या निशाचर पालीही होत्या. त्यांच्या प्रजातीचे नाव नॅक्टस. त्यांची जुनी हाडे मुख्य बेटावर सापडतात, म्हणजे एके काळी त्या तेथे राहत होत्या. आज त्या मुख्य बेटावर नाहीत. आसपासच्या लहान लहान, निर्जन बेटांवरच त्या उरल्या आहेत. जहाजांबरोबर आलेले उंदीर आणि मांजरे यांचाही या विनाशात हात असणारच. परंतु घरपालीचा वाटा फार मोठा आहे, असे निक कोल, कार्ल जोन्स आणि स्टीफन हॅरिस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. घरपाल नॅक्टसला तिच्या लपण्याच्या जागेतून हुसकावते आणि तिची पिलेही खाते.

मग काही ठिकाणी नॅक्टस वाचली कशी? येथे मघाशी सांगितलेली पावलांची अट कामास येते. नॅक्टस पालींच्या बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात. बोटे साधी, नखांची. एरवी ही उणीवच म्हणावयाची. पण ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या भुसभुशीत खडकावर हीच उणीव उपयोगी पडली. त्या झडणाऱ्या खडकावर घरपालीची पावले चिकटेनात आणि साध्या बोटांची नॅक्टस मात्र तेथे सहज वावरू लागली. घरपाल असलेल्या बेटावरही जेथे असा भुसभुशीत खडक आहे, तेथे नॅक्टस टिकून राहिली. हवाईत आडोशांनी जे केले, ते येथे खडकाने केले. दुबळ्याला टिकण्यासाठी बलवानाचा नाश व्हावाच लागतो असे नाही. जेथे बलवानाचे पाऊल पोहोचत नाही अशी थोडी जागा शिल्लक असली तरी पुष्कळ होते.

आपल्या सड्यावरील पाल

हे सर्व दूर बेटांवरचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्याकडे घरपाल परकी नाही, हे खरे. पण भिंतीवरची पाल सर्वांना ठाऊक आणि सड्यावरची पाल कोणालाच ठाऊक नाही, अशी आपली स्थिती आहे.

कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर, सुट्या दगडांखाली, एक छोटी पाल राहते. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिआटस हे तिचे नाव. त्याचा अर्थ पांढऱ्या पट्ट्यांची. ती भिंतीवर चढून राहणारी नव्हे, जमिनीवर वावरणारी. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातून तिचे प्रथम वर्णन केले. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर सापडलेल्या आणखी एका पालीचे वर्णन वरद गिरी आणि एरन बॉअर यांनी २००८ साली केले. तिच्या नावातच सातारा आहे. या पाली थोड्याशा प्रदेशातच आढळतात. मॉरिशसच्या नॅक्टसला जशी छोटी बेटे, तसे यांना हे सडे आणि ही पठारे. समुद्राऐवजी भोवती दऱ्या आणि शेते आहेत, एवढेच.

येथे मला थोडे घरचे लिहिणे भाग आहे. माझे वडील चिरेखाणीत काम करतात. जत तालुक्यात पाऊस नाही, शेतीत भागत नाही, म्हणून ते कोकणात आले. सड्याचा वरचा थर आणि सुटे दगड आधी बाजूला लोटतात, मग यंत्राने जांभा कापून चिरे काढतात. त्या चिऱ्यांवर आमचे घर चालते, माझी फी भरली जाते. सड्यावरच्या पालीविषयी वाचल्यावर मी त्यांना तिचे चित्र दाखविले. ते म्हणाले, “ही व्हय? दगड उचलला की पळती. लई बघितल्यात.” पुस्तकात जिच्यासाठी एवढे पांडित्य, ती माझ्या वडिलांच्या रोजच्या पाहण्यातली. मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “पण आता दगुडच ऱ्हायला न्हाई तर ती जाती कुठं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खाण बंद करा, असे म्हणणे मला शक्य नाही. तसे म्हणणाऱ्याने माझ्या वडिलांच्या रोजगाराचेही सांगितले पाहिजे. परंतु सबंध सडा न खणता काही भाग राखून ठेवणे, सुटे दगड दरीत न लोटता राखलेल्या भागावर पसरणे, एवढे तरी अशक्य नसावे. एका जागी उरलेला भुसभुशीत खडक एक जात वाचवू शकतो, हे मॉरिशसने दाखविलेच आहे. आणि एक विचार मनातून जात नाही : सड्यावरच्या पालीच्या डोक्यावरचा दगड काढून आपण जे घर बांधतो, त्याच घराच्या भिंतीवर दुसऱ्या पालीला आसरा मिळतो. एकीचे छप्पर दुसरीची भिंत होते.

‘परकी’ या शब्दाविषयी

शेवटी एका शब्दाविषयी लिहावयाचे आहे. जीवशास्त्रात परकी जात म्हणजे माणसाने, जाणून अथवा नकळत, मूळ प्रदेशाबाहेर नेलेली आणि तेथे रुजलेली जात. ही शास्त्रीय संज्ञा आहे, शिवी नव्हे. कोणती परकी जात उपद्रवी आणि कोणती निरुपद्रवी, हे तिच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. ते पाहून, मोजून, प्रयोग करून ठरवावे लागते. पेट्रेन आणि केस यांनी नेमके हेच केले.

पण हा शब्द शास्त्रातून गल्लीत येतो तेव्हा त्याला वेगळाच वास येतो. मी कोकणात जन्मले, येथल्याच शाळेत शिकले, तरी लहानपणी आम्हा खाणीवरच्या मुलांना ‘घाटी’ म्हणून हाक मारली जाई. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही रोज देते. म्हणून हा विषय वाचताना मला पुनःपुन्हा भीती वाटत होती, की कोणी म्हणेल, बघा, निसर्गातसुद्धा परक्याला हाकलणेच योग्य असते. असे म्हणणाऱ्याला शास्त्राचाच आधार घेऊन उत्तर देता येते. घरपाल आणि नॅक्टस या दोन वेगळ्या जाती आहेत. माणसांच्या बाबतीत तसे नाही. जीवशास्त्राच्या हिशेबी पृथ्वीवरील सर्व माणसे मिळून एकच जात आहे. आपण समाजात ‘जात’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तिला या हिशेबात जागाच नाही. तेव्हा पालींचा न्याय माणसांना लावणे हे शास्त्राच्या नावाखाली केलेले अज्ञान होय. मॉरिशसला गेलेले आपले मराठी मजूर आणि त्यांच्या जगाच्या सामानात दडून समुद्र ओलांडणारी पाल, या दोन अगदी भिन्न कथा आहेत आणि त्या भिन्नच ठेवल्या पाहिजेत.

तात्पर्य काय? आपल्या घरातील पालीला मारण्याचे काहीही कारण नाही. ती येथलीच आहे, विषारी नाही आणि रात्रभर डास-पतंग खाऊन आपले कामच करते. मात्र तीच पाल दूरच्या बेटावर पोहोचली तर तेथील एखाद्या जातीचा शेवट होऊ शकतो. म्हणून बेटांवर माल आणि सामान नीट तपासून उतरविणे, हा तेथील लोकांचा आग्रह रास्त आहे. नको तेथे रात्रभर दिवे न जाळणे, हे तर आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. पाल चांगली की वाईट, या प्रश्नापेक्षा ती कोठे आहे, तेथे कशी आली आणि तिला तेथे कोणी बळ दिले, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधू लागलो की बोट पालीकडून सरकत सरकत आपल्या जहाजांकडे, आपल्या दिव्यांकडे आणि आपल्या भिंतींकडे वळते.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. सहलीसाठी आपण दरवर्षी लांबच्या ठिकाणांची नावे काढतो. या वर्षी एक दिवस महाविद्यालयामागच्या सड्यावर जाऊ. दगड हळूच उचलून पाहावा आणि पाहून झाल्यावर जसा होता तसाच परत ठेवावा. वाट दाखवायला माझे वडील आनंदाने येतील.